शॅमेलिऑनच्या जबड्यातला संसर्ग: सेफ्टाझिडिमच्या दहा इंजेक्शनांचा माझा अनुभव

या उपचाराला मी पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा तारा का कापला ते पुढे येईलच, पण आधी राघूबद्दल सांगते, म्हणजे बाकीचं नीट कळेल.

राघू हा व्हेल्ड शॅमेलिऑन, नर, वय अडीच वर्षं. घोयरा सरड्याच्याच कुळातला, मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाकडचा. मुलाने आणला, मग मुलगा शिकायला बाहेर गेला आणि राघू माझ्याकडे राहिला. मी शिवणकाम करते. त्याचा पिंजरा मशीनच्या शेजारीच असतो, म्हणून त्याचं खाणंपिणं, रंग बदलणं, झोपणं सगळं मला पाठ झालंय. एके दिवशी त्याने किड्यावर जीभ मारायचं सोडून दिलं. किडा समोर आला की एक डोळा तिकडे फिरायचा, दुसरा माझ्याकडे, मान पुढे यायची, तोंड जरासं उघडायचं आणि परत मिटायचं. उजव्या बाजूला, तोंडाच्या कोपऱ्याशी, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ दिसत होती. तिसऱ्या दिवशी ती वाटाण्याएवढी झाली आणि भर दुपारी राघू डोळे मिटून बसलेला दिसला. शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसला तर तो आजारी आहे असंच धरावं. तो झोपलाय, आराम करतोय, अशी मनाची समजूत काढू नये.

पहिल्यांदा मी जवळच्या दवाखान्यात गेले. तिथे कुत्र्यामांजरांवर उपचार होतात. डॉक्टर स्वभावाने चांगले होते, पण त्यांनी राघूचं वजन केलं नाही, तोंड उघडून पाहिलं नाही, आणि मागच्या मांडीत एन्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी परत तेच. गाठ तसूभरही कमी झाली नाही. उलट मांडीवर सुई टोचली तिथली कातडी आधी राखाडी आणि मग काळी पडली. नंतर कळलं की हे औषध वाईट नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांना ते पुष्कळदा देतात, पण स्नायूत टोचलं की आग होते आणि तिथलं मांस मरू शकतं. शॅमेलिऑनच्या कातडीवर तर हा डाग लगेच उठून दिसतो. म्हणून जाणकार डॉक्टर शक्यतो ते तोंडावाटे देतात, किंवा पातळ करून देतात.

मग मुलाने फोनवरून शोधाशोध करून फक्त सरपटणारे प्राणी आणि पक्षी पाहणाऱ्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली. ही सगळी शिफारस त्यांच्या उपचाराची आहे.

त्यांनी सगळ्यात आधी राघूला एका फांदीसकट वजनकाट्यावर ठेवलं आणि नंतर फांदीचं वजन वजा केलं. ११८ ग्रॅम. हातात पकडून वजन केलं असतं तर तो फुगला असता, फिसकारला असता, काळाठिक्कर पडला असता. फांदीवर तो नुसता इकडेतिकडे बघत राहिला. मग रबराच्या चपट्या पट्टीने हळूच तोंड उघडलं आणि मला जवळ बोलावून टॉर्चच्या उजेडात दाखवलं. हिरडीच्या कडेला पिवळसर पांढरा थर होता आणि गाठीच्या तोंडाशी सुक्या मेणासारखं काहीतरी चिकटलेलं होतं.

"हा पूच आहे," त्या म्हणाल्या. "यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही. तो विरघळवणारं रसायन यांच्या पांढऱ्या पेशींत नसतं, म्हणून तो असा घट्ट गोळा होऊन बसतो. रक्तातून गेलेलं औषध त्या गोळ्याच्या आत पोचतच नाही. गोळा काढल्याशिवाय कुठलंही अँटिबायोटिक दिलं तरी उपयोग नाही."

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी तीन दिवस वाट पाहत बसले नसते.

त्यांनी एक्स-रे काढून जबड्याच्या हाडापर्यंत संसर्ग गेलाय का ते पाहिलं. हाडाची कड किंचित धूसर दिसत होती, म्हणून उपचार लांबणार हे तेव्हाच सांगून ठेवलं. भूल देऊन गाठ खरवडून काढली, आणि औषधाचा पहिला थेंब देण्याआधी तिथला नमुना कापसाच्या काडीवर घेऊन तपासणीला पाठवला. आधीच्या दवाखान्यात शेवटचं इंजेक्शन कधी झालं हे त्यांनी दोनदा विचारलं, कारण अंगात औषध असताना नमुना घेतला तर जंतू असूनही ते प्रयोगशाळेत वाढत नाहीत. अहवालात स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. एन्रोफ्लॉक्सॅसिनला तो दाद देत नव्हता, सेफ्टाझिडिम या दुसऱ्या अँटिबायोटिकला देत होता. म्हणजे पहिल्या औषधाची दहा इंजेक्शनं दिली असती तरी राघूच्या मांडीवर दहा डाग पडले असते आणि गाठ तिथेच राहिली असती. कुठल्याही डॉक्टरांकडे जा, नमुना तपासायला पाठवा असं स्वतःहून म्हणा. हा माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे.

आता औषधाबद्दल. सेफ्टाझिडिम माणसांनाही देतात, बाटलीत ते पांढरी पूड म्हणून येतं. पाण्यात कालवलं की थोडेच दिवस टिकतं, म्हणून डॉक्टरबाईंनी प्रत्येक डोस इन्सुलिनच्या वेगळ्या सिरिंजमध्ये भरून, गोठवून, बर्फाच्या डब्यात घालून दिला. प्रत्येकीवर तारीख लिहिलेली होती. डोस दर ७२ तासांनी एक. शॅमेलिऑनच्या अंगातून हे औषध सावकाश बाहेर पडतं, म्हणून रोज टोचावं लागत नाही, आणि माझ्यासारखीला ही फार मोठी सोय वाटली. एका डोसात औषध किती, तर ०.०५ मिलिलिटर. मला दिलेल्या सिरिंजवर पाच खुणा. एक खूण इकडेतिकडे झाली तरी डोस पाचव्या हिश्शाने बदलतो, म्हणूनच वजन ग्रॅममध्ये लागतं आणि म्हणूनच हे प्रमाण घरी अंदाजाने काढायचं काम नाही.

सिरिंज फ्रीजरमधून काढायची, मुठीत धरून ऊब द्यायची, आतला बर्फ पूर्ण विरघळला की हलक्या बोटाने टिचक्या मारून बुडबुडा वर आणायचा. गरम पाण्यात टाकायची नाही, एकदा विरघळली की परत गोठवायची नाही. टोचायचं पुढच्या पायात, कोपराच्या वर, एकदा डावा, एकदा उजवा. मागच्या पायात का नाही, तर अंगाच्या मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं. त्यामुळे औषध वाया जाण्याची भीती असते, आणि औषध कडक असेल तर मूत्रपिंडांना इजा होण्याचीही.

आयुष्यभर सुई हातात धरलीय मी. तरी पहिल्या दिवशी हात कापत होता. राघूला फांदीवरच राहू दिलं, त्याने तीन पायांनी फांदी घट्ट धरली आणि मी चौथा पाय दोन बोटांत अलगद ओढला. जवळून पाहिलं की त्याची कातडी मण्यांच्या भरतकामासारखी दिसते, बारीक मोठे मणी शेजारी शेजारी बसवलेले. सुई मण्यावर टेकवली तर सरकते, दोन मण्यांच्या फटीत तिरकी घातली की आपोआप आत जाते. हे मला कुणी शिकवलं नाही, हाताला कळलं. राघूने एकदा मान वळवून तोंड वासलं, अंगावर काळपट पट्टे आले, आणि पाच मिनिटांत परत हिरवा झाला.

चौथ्या डोसाला पाय हिसकला आणि थोडं औषध बाहेर ओघळलं. सूचनांच्या कागदावर अशा वेळी काय करायचं ते लिहिलेलंच नव्हतं. रात्र झाली होती, मी घाबरले, फोन लागायला वेळ लागला. उत्तर साधं होतं: परत टोचू नका, पुढचा डोस ठरल्या वेळी द्या. एवढी एक ओळ कागदावर हवी होती. शिवाय अहवाल आल्यावर तिकडून फोन येईल असं सांगितलं होतं, तो आला नाही, मलाच दोनदा करावा लागला. अर्धा तारा या दोन गोष्टींसाठी कापलाय.

बाकी सूचना मात्र फार विचारपूर्वक दिलेल्या होत्या. ऊन घ्यायच्या फांदीवर तापमान २९ ते ३१ अंश ठेवायचं आणि पिंजऱ्याची दुसरी बाजू थंडच ठेवायची, म्हणजे त्याला हवं तिथे तो बसेल. या प्राण्यांची प्रतिकारशक्ती बाहेरच्या उबेवर चालते. गारठलेल्या शॅमेलिऑनला कितीही चांगलं औषध दिलं तरी ते अर्धवटच काम करतं. पानांवर पाणी फवारण्याच्या वेळा वाढवायच्या, कारण तो वाटीतलं पाणी पीत नाही, थेंब चाटतो. विष्ठेतला पांढरा भाग पांढराच आहे ना ते रोज बघायचं. तो नारिंगी दिसला की पाणी कमी पडतंय. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणाऱ्या दिव्याची, नळी किती जुनी आहे असंही त्यांनी विचारलं. मला वाटायचं उजेड पडतोय म्हणजे नळी चांगली आहे, पण उजेड तसाच राहतो आणि त्यातले उपयोगी किरण आधीच कमी झालेले असतात. नळी बदलली. पिंजऱ्याची तारेची जाळीही काढली, कारण तिच्यावर तोंड घासून पहिली जखम झाली असावी असं त्यांना वाटलं. आता मऊ जाळी लावलीय, मीच शिवली.

सात डोस झाल्यावर तपासणी झाली आणि हाडासाठी म्हणून आणखी तीन वाढवले. पहिल्यापासून दहाव्या डोसापर्यंत २७ दिवस. मधल्या काळात वजन १०९ ग्रॅमपर्यंत उतरलं होतं, मी चिमट्याने किडा तोंडाशी धरून भरवत होते. सहाव्या डोसानंतर तो स्वतः चिमट्यापर्यंत मान पुढे आणायला लागला. आठव्यानंतर एका सकाळी मी बाही जोडत होते आणि शेजारून टप् असा ओला आवाज आला. वळून पाहिलं तर जाळीवरचा किडा गायब होता आणि राघू चावत होता, दोन्ही बाजूंनी.

परवा वजन १२१ ग्रॅम भरलं. मांडीवरचा काळा डाग दोनदा कात टाकूनही तसाच आहे. दहाव्या डोसानंतर एक जादा सिरिंज उरली होती. पुढे कधी लागेल म्हणून ठेवू का असं मुलाने विचारलं. मी ती दवाखान्यात परत दिली, पुढच्या वेळी जंतू वेगळा असू शकतो. दोन महिन्यांनी जबड्याचा एक्स-रे परत काढायचाय, त्याची वेळ आजच घेऊन ठेवली.