मांजर जेवेना तेव्हा क्रीमी स्टिक: कुठे कामाची, कुठे घातक

मांजराने वाटी हुंगून पाठ फिरवली की बहुतेक घरांत पहिला हात जातो तो क्रीमी स्टिककडे. इनाबाची चुरू असो, मी-ओची क्रीमी ट्रीट असो, नाहीतर आणखी कुठली, वस्तू तीच. अरुंद लांबट पाकीट, टोक फाडून दाबले की बाहेर येणारी मऊ, मासळीच्या किंवा चिकनच्या वासाची पेस्ट. अन्नाकडे पाठ फिरवलेल्या मांजराला पुन्हा वाटीपाशी आणायला दुकानात याहून चांगली वस्तू नाही. पोट भरण्यासाठी मात्र तिचा काही उपयोग नाही, आणि हा फरक लक्षात न आल्याने आजारी मांजरे दवाखान्यात उशिरा पोचतात.

हिशेब करून बघा. चुरूच्या एका नळीत १४ ग्रॅम पेस्ट असते आणि त्यातले ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. एका नळीतून मिळतात साधारण ६ ते ७ किलोकॅलरी. ४ किलोच्या मांजराला नुसते पडून राहायला, म्हणजे श्वास, हृदय आणि अंगातली ऊब टिकवायलाच, दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे जवळजवळ ३० नळ्या! घरात दिल्या जातात दोन-तीन. मांजर त्या चाटूनपुसून संपवते, घरचे म्हणतात "चला, थोडं तरी खातंय", आणि पोटात गेलेला असतो गरजेचा जेमतेम दहावा हिस्सा. बहुतेक पाकिटांवर 'पूरक आहार' असे छापलेले असते. ते वाचून मगच पाकीट फाडावे.

हा दहावा हिस्सा इतका महत्त्वाचा का? मांजर कुत्र्यासारखे चार दिवस उपाशी काढू शकत नाही. पोटात अन्न गेले नाही की अंगावरची चरबी भराभर सुटून यकृताकडे येते, आणि मांजराच्या यकृताला एवढी चरबी एकदम हाताळता येत नाही. ती तिथेच साठते. यालाच हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. गुबगुबीत मांजराला याचा धोका सर्वांत जास्त. काही दिवस पुरेसे खाल्ले नाही तरी सुरुवात होऊ शकते. पूर्ण उपासच घडायला हवा असे नाही, अर्धपोटी राहूनही हे होते. कानाच्या आतली कातडी, हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसू लागला तर आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्ले नाही तर व्हेटला फोन करायचा. पिल्लासाठी एवढेही थांबायचे नाही.

या स्टिकचा सर्वांत मोठा उपयोग खाऊ घालण्यात नाही, मांजर ती कशी घेते हे बघण्यात आहे. नळी पुढे धरा आणि नीट पाहा.

आवडीची चव असूनही मांजर जवळ येते, हुंगते, ओठ चाटते, एखादा घोट गिळल्यासारखे करते आणि मागे सरते: ही मळमळ. मूत्रपिंडाचा जुना आजार, स्वादुपिंडाची सूज, बद्धकोष्ठता ही यामागची नेहमीची कारणे. पेस्ट आवडीने चाटते, पण दाणे तोंडात घेऊन खाली टाकते, मान वाकडी करून एकाच बाजूने चावते किंवा वाटीपाशी जाऊन ओरडते: तोंड दुखते आहे. दाताचे मूळ झिजणे किंवा हिरड्यांची जबर सूज मांजरांत फार आढळते, आणि अशा वेळी स्टिक खाल्ली म्हणून निर्धास्त होणे सर्वांत चुकीचे. नाक चोंदले असेल तर मांजर स्टिककडे वळतच नाही, कारण त्याची भूक वासावर चालते. ओल्या कोमट कापसाने नाक पुसून पुन्हा धरली की कधी कधी लगेच चाटू लागते. आणि एरवी पाकिटाच्या आवाजाने धावत येणारे मांजर मान वळवून कोपऱ्यात बसून राहिले, तर हा निकाल सर्वांत गंभीर. पुढे दुसरा फ्लेवर आणून बघण्यात वेळ घालवू नका.

देण्याची पद्धतही महत्त्वाची. फ्रिजमधली थंड पेस्ट वास सोडत नाही. पाकीट न उघडता कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवा. अंगाच्या उबेइतकी, म्हणजे ३८ अंशांच्या आसपास गरम पुरे. मायक्रोवेव्ह नको, कारण अनेक पाकिटांना आतून धातूचा थर असतो. पहिला थेंब बोटावर किंवा सपाट बशीत द्या. उभट वाटीत मिशा कडेला घासतात, ते बऱ्याच मांजरांना आवडत नाही. नळी थेट तोंडाला लावणार असाल तर फाडलेल्या कोपऱ्यावर लक्ष ठेवा. त्याची धार जिभेला लागते आणि उतावीळ मांजर प्लास्टिकचा तुकडा तोडून गिळू शकते. कुठल्याही ब्रँडची ही पाकिटे याबाबतीत सारखीच.

चाटायला लागले की खरे काम सुरू होते. अर्धी नळी एक चमचा वेट फूडवर पसरा. ते गेले की वेट फूड वाढवा, पेस्ट कमी करा. ८५ ग्रॅमच्या पाउचमध्ये ब्रँडनुसार साधारण ६० ते ९० किलोकॅलरी असतात, तेव्हा लक्ष्य पाउचचे ठेवा, नळ्यांचे नाही. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मांजराला मात्र एकदम भरपेट घालू नका. पहिल्या दिवशी गरजेच्या पाव ते तिसरा हिस्सा, मग दोन-तीन दिवसांत हळूहळू पूर्ण, तेही व्हेटच्या देखरेखीखाली, कारण अचानक अन्न मिळाल्यावर रक्तातले फॉस्फरस आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या खाली येतात.

सगळ्यांत जास्त बिघडते ते स्टिकमध्ये औषध लपवल्याने. निरोगी मांजराला जंताची गोळी अशी देणे ठीक. पण मळमळणाऱ्या मांजराला कडू गोळी आवडत्या पेस्टमध्ये दिली की ते ती चव आजारपणाशी जोडते आणि पुढे बरे झाल्यावरही त्या फ्लेवरला तोंड लावत नाही. हातातला सर्वांत चांगला उपाय अशाने जातो. बळजबरीने सिरिंजने भरवल्यावरही हेच घडते, शिवाय अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असतेच. आजारपणात औषध वेगळे, स्टिक वेगळी.

खरोखर पोट भरायचे असेल तर हिल्सचे ए/डी किंवा रॉयल कॅनिनचे रिकव्हरी यांसारखे दाट, मऊ खाद्य हवे. ए/डीच्या १५६ ग्रॅमच्या डब्यात सुमारे १८० किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसाची किमान गरज जवळजवळ एका डब्यात भागते. नळ्यांशी किमतीची तुलना करताना पाकिटावरचा आकडा बघू नका. दर १०० किलोकॅलरींना किती रुपये पडले ते काढा, मग डबा महाग वाटणार नाही. तेही जात नसेल तर व्हेट मळमळीवर मॅरोपिटंट, भुकेसाठी मर्टाझापिन देतात, आणि गरज पडली तर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवतात. ती नळी ऐकायला भयंकर वाटते, पण हेपॅटिक लिपिडोसिस झालेल्या मांजराला वाचवते तीच. मर्टाझापिन माणसांच्या दुकानात १५ मिलिग्रॅमच्या गोळीत मिळते. मांजराचा डोस साधारण २ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणून अंदाजाने तुकडा करून देऊ नका. ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही. मांजराचा जीव त्यानेच जातो.

काही वेळा स्टिक पुढे करायचीच नसते. बोका लिटरमध्ये वारंवार बसतो, कण्हतो, लघवीचा थेंबही येत नाही. जिभेखाली दोरा अडकलेला दिसतो (तो ओढू नका). लसीकरण न झालेल्या पिल्लाला उलट्या-जुलाब सुरू आहेत. गुलदस्त्यातली लिली चघळल्याची शंका आहे. अशा वेळी थेट गाडी काढा.

तक्रार नसलेल्या मांजरालाही ही स्टिक अधूनमधून द्यावी, असे आमचे मत, कारण ती कशी घेते हे एरवी ठाऊक असेल तरच आजारपणात फरक कळतो. दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे नको. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी फ्लेवर व्हेटला विचारून निवडा. घटकांच्या यादीत कांदा किंवा लसूण पावडर दिसली तर पाकीट परत ठेवा. मांस-मासळी आणि पाण्याखेरीज घट्टपणासाठी स्टार्च आणि गवार गम असणे नेहमीचेच, त्याची काळजी नको. घरी वजनकाटा ठेवा, लहान बाळाचा चालतो. ४ किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम घटणे म्हणजे ५ टक्के, आणि केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही. उघडलेली नळी टोक दुमडून फ्रिजमध्ये, २४ तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची.