खाऱ्या हवेतलं गेट: रंग, स्टेनलेस की जस्त?

बडोद्यात गेटला दिवाळीआधी ऑइलपेंटचा एक हात मारला की वर्ष निघतं. वलसाडजवळ तीथलला घर घेतलेले आपले बडोदेकर तिथेही हाच हिशोब धरतात. समुद्राकाठी तो चालत नाही. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ लोखंडावर बसतं आणि हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही कडीकोयंडे ओलेच राहतात. पावसात धुऊन निघणाऱ्या गेटपेक्षा छपराखालची, पाऊस न लागणारी कडी तिथे लवकर गंजते.

आधी रंगाविषयी. रेड ऑक्साइडऐवजी इपॉक्सी प्रायमर आणि वर चांगला रंग दिला तर तो टिकतो, यात वाद नाही. तिथे कायम राहणाऱ्याला मी रंगच सुचवीन. कुठे पोपडा सुटला की त्याच दिवशी डबा काढायचा, झालं. आमच्यासारख्या शनिवार-रविवारवाल्यांची मात्र इथेच पंचाईत होते. रंगाआधी मीठ गोड्या पाण्याने धुवायचं, वाळू द्यायचं, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर मारायचा, मग प्रायमर, मग पुन्हा वाट बघायची. तोवर संध्याकाळचा दमट वारा सुटतो आणि खरवडलेलं लोखंड सकाळपर्यंत परत तांबूस होतं. मीठ नीट न धुता रंग दिला तर आतून फुगे येतात. शनिवार खरवडण्यात, रविवार वाळण्याची वाट बघण्यात, आणि संध्याकाळी परतीची गाडी. किनाऱ्यावर पाय ठेवायला मिळत नाही. माझ्यापुरता रंगाचा निकाल या खरवडण्याने लावला, पैशाने नाही.

स्टेनलेस दिसायला सगळ्यात देखणं. पण दुकानात नुसतं ‘एसएस’ मागू नका. स्टेनलेसच्या ग्रेड आकड्यांनी ओळखतात. त्यातला २०० मालिकेतला स्वस्त माल खाऱ्या हवेत फार तग धरत नाही. ३०४ ग्रेडवरसुद्धा चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके येतात. ताकदीला फारसा धक्का लागत नाही, पण इतके पैसे मोजून पुसतच बसायचं का? ३१६ मध्ये साधारण २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून ते मिठाला बरंच पुरून उरतं. ३०४ आणि ३१६ मधला फरक लोहचुंबकाने कळत नाही, तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घ्या. अख्खं गेट ३१६ चं करणं मला तरी जड वाटलं. कडी, बिजागऱ्या आणि नटबोल्ट तेवढे घ्यावेत, आणि आट्यांना ग्रीस लावूनच कसावेत, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस कसलं की नट जाम होतो तो कापूनच काढावा लागतो.

राहिलं हॉट डिप, म्हणजे साधारण ४५० अंशांवर वितळलेल्या जस्तात अख्खं गेट बुडवणं. बाजारातल्या चकचकीत पांढऱ्या बोल्टांवरही जस्तच असतं, पण बहुधा ५ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हॉट डिपमध्ये ६ मिलिमीटरहून जाड लोखंडावर सरासरी ८५ मायक्रॉनचा थर मिळतो. शिवाय ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला सांभाळून घेतं. रंगाला हे जमत नाही.

खोडी यातही आहेत. करडा, कळाहीन रंग येतो. आमच्या घरी त्याला ‘कारखान्याचं गेट’ म्हणतात. वर थेट ऑइलपेंट दिलात तर तो सुटून येतो, आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर रंगाला पकड देणारा थर, लागतो. समुद्राकाठी जस्तही हळूहळू झिजतंच. तरीही आमच्या गेटला आजवर ब्रश लावावा लागलेला नाही. गेलो की आधी पाण्याचा पाइप मारतो, छपराखालच्या कडीवर जरा जास्त, आणि मग चहा ठेवतो.

करायचंच ठरलं तर वेल्डिंग आणि भोकं सगळी आधी उरकून घ्या, कारण नंतरच्या वेल्डिंगने तिथलं जस्त जळतं. बंद पाइपांना हवा आणि जस्त जायला भोकं ठेवायला सांगा, नाहीतर आतल्या ओलीची वाफ होऊन पाइप टाकीतच फुटू शकतो. बिजागऱ्या सोडवून मगच गेट पाठवा, जस्ताने त्या चिकटून बसतात. जस्ताच्या गेटला ३१६ चे छोटे बोल्ट बिनधास्त चालतात. स्टेनलेसच्या कठड्याला जस्ताचे बोल्ट मात्र नकोत, एवढ्या मोठ्या स्टेनलेसपुढे त्यांच्यावरचं थोडंसं जस्त फार लवकर संपतं.