भोसरीच्या फॅक्टरीतनं डायरेक्ट इंजिन माउंटिंग मागवतोय, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, साधं रबरवालं माउंटिंग (इंजिन बॉडीला धरून ठेवणारा रबर-लोखंडाचा पार्ट) यांच्याकडनं बिनधास्त घ्या, हायड्रॉलिकच्या, म्हणजे आत लिक्विड भरलेल्या माउंटिंगच्या नादाला लागू नका आणि पॅकिंगवरनं भांडायची तयारी ठेवा. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं तशी चांगली आहेत, उगाच कुणाच्या धंद्यावर कशाला. भोसरी एमआयडीसीतलं मध्यम साइजचं युनिट आहे, रबर टू मेटल बॉन्डिंगचंच, म्हणजे लोखंडाला रबर पक्कं चिकटवायचंच काम करतात, म्हणजे माउंटिंग, बुश, स्ट्रट माउंट असलं सगळं.

आमचं कोल्हापुरात स्पेअर पार्टचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे निम्मे गॅरेजवाले मिस्त्री आणि निम्मे टुरिस्ट गाड्यावाले. माउंटिंगला सगळ्यात जास्त मागणी येते ती जुन्या डिझेल डिझायर आणि स्विफ्टची, तेच 1.3 लिटरचं इंजिन. एप्रिल 2020 ला बीएस 6 आलं आणि मारुतीनं डिझेल बंदच केलं, त्यामुळं रस्त्यावर आहेत त्या सगळ्या गाड्या आता वय झालेल्या, कुणाचे तीन लाख किलोमीटर झालेत कुणाचे चार, आणि मालक म्हणतो आता हिच्यावर जास्त खर्च नको, पण गाडी तर रोज गगनबावड्यातनं खाली कोकणात जाते. घाटात सारखं दुसरा-तिसरा गिअर, चढाला जोर, उताराला इंजिन ब्रेकिंग, प्रत्येक वेळी इंजिन पुढं-मागं झुलणार आणि तो सगळा मार माउंटिंगचं रबर खाणार. त्यात टॅपेट कव्हरमधनं ऑइल गळत असेल तर विषयच संपला, नैसर्गिक रबराला ऑइल अजिबात चालत नाही, फुगतं आणि चिकट होऊन फाटतं. (ऑइल गळती न काढता नुसतं माउंटिंग बदलून घेणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार, पुढच्या दिवाळीला परत या.)

आता डायरेक्ट फॅक्टरी कशासाठी, पुण्यात नाना पेठेत सगळं मिळतं की, असं कुणी पण म्हणेल. मिळतं, आणि आम्ही पण वर्षानुवर्षं तिथनंच घेत होतो. अडचण एकच, माल सारखा येत नाही. डबा तोच, स्टिकर तोच, आतला माल या महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसराच. होलसेलरला विचारलं तर तो म्हणणार कंपनीच तशी देते, आणि ती कंपनी कोण हे त्याला पण नक्की माहीत नसतं.

बाजारातल्या स्वस्त मालाची खरी गोम रबरात आहे. इंजिन माउंटिंगला दोन उलटी कामं करायला लागतात, इंजिन घट्ट धरायचं पण त्याचा थरथराट बॉडीत जाऊ द्यायचा नाही. धरायला कडक रबर बरं आणि थरथर अडवायला मऊ. स्वस्तवाला काय करतो, सरळ कडक रबर भरतो, त्यात स्वस्त पडावं म्हणून रिक्लेम, म्हणजे जुनं परत वापरलेलं रबर मिसळतो, कारण कडक रबर लवकर फाटत नाही आणि फाटलं नाही तर माल परत येत नाही. मग मिस्त्री फोन करून म्हणणार, साहेब फाउंडेशन (मिस्त्री माउंटिंगलाच असं म्हणतात) नवीन टाकलं तरी आयडलला, गाडी उभी असताना एसी लावला की स्टिअरिंग नाचतंय, आता गिऱ्हाइकाला काय सांगू. त्याची पण चूक नाही, माल मी दिलेला असतो.

म्हणून या फॅक्टरीत पहिल्यांदा गेलो तेव्हा खिशात शोअर ए, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं छोटं मीटर घेऊनच गेलो, ते काय फार महाग नसतं, ज्याचं रबरच्या पार्टचं दुकान आहे त्यानं ठेवावंच. फक्त ते टेकवायला सपाट आणि किमान 6 एमएम जाडीची जागा लागते, पातळ कडेला टेकवलं तर खालचं लोखंड वाचलं जातं आणि आकडा खोटा येतो. ओरिजिनल पीस पन्नाशीच्या आसपास वाचला, यांचा पण तिथंच, दोन-तीन पॉइंट इकडं-तिकडं, त्याला काय म्हणायचं कारण नाही, पाच पॉइंटचा फरक तर ड्रॉइंगवर पण धरलेला असतो. बाजारातला जो बरोबर नेला होता तो पासष्टच्या वर. त्यांच्या सुपरवायझरनं तो पीस हातात घेऊन नुसतं अंगठ्यानं दाबलं आणि हसला.

नंतरची टेस्ट मला सगळ्यात आवडली. मी म्हणलं एक पीस कापून दाखवा. बऱ्याच ठिकाणी असं म्हणलं की तोंडं वाकडी होतात, यांनी व्हाइसमध्ये पकडला, हॅक्सॉ ब्लेडनं रबराला चीर दिली आणि पकडीनं धरून ओढायला लागले. चांगलं बॉन्डिंग असेल तर रबर मधनंच फाटतं आणि लोखंडावर रबराचा थर तसाच राहतो. बॉन्डिंग कच्चं असेल तर रबर सालीसारखं सुटतं आणि खाली चकचकीत लोखंड दिसतं, ते दिसलं की पीस कितीही देखणा असू दे, रस्त्यावर टिकणार नाही. यांचा पीस ओढताना दोघं जण घामाघूम झाले आणि रबर तुकड्या-तुकड्यानंच निघालं, लोखंडावर काळा थर तसाच. त्याचं कारण शॉपमध्ये फिरल्यावर कळतं, रबराच्या आत बसणारे लोखंडी इन्सर्ट शॉट ब्लास्ट करून (बारीक छर्रे मारून साफ करून) येतात, मग प्रायमर आणि त्यावर अॅडेसिव्ह असे दोन कोट, आणि कोट मारलेले इन्सर्ट माणसं हातमोजे घालूनच उचलतात. हाताचं तेल लागलं तर तिथं रबर धरत नाही, हे मोल्डिंगवरच्या पोरानंच मला सांगितलं, मालकानं नाही. असलं काही बघितलं की माझा विश्वास बसतो. ऑफिसात भिंतीवर आयएटीएफ 16949 चं (गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांचं क्वालिटीचं) सर्टिफिकेट पण लावलंय, ते चांगलंच, पण ते कारखान्याच्या कामाच्या पद्धतीला मिळतं, तुमच्या हातातल्या पीसला नाही, त्यामुळं सर्टिफिकेट बघून ऑर्डर देणाऱ्यांनी एक पीस कापायला सांगाच.

साध्या माउंटिंगचा रिझल्ट म्हणाल तर मिस्त्री लोक खूश आहेत. डिझायरला उजवं, गिअरबॉक्सकडचं आणि मागचं असा तिन्हीचा सेट आम्ही देतो, ओरिजिनलच्या साधारण निम्म्या किमतीत बसतो आणि आयडलला फरक लगेच कळतो. ओरिजिनलएवढं आयुष्य आहे का, तर नाही, घाटातल्या गाड्यांना थोडं आधी सॅग होतं, म्हणजे रबर खाली बसतं, पण गाडीचंच आयुष्य किती उरलंय ते बघता मालकाला परवडतं. मिस्त्री लोकांना एक सांगणं आहे, खाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा लावून इंजिन तोललेलं असताना बोल्ट फुल टाइट करू नका, सगळे हाताने लावून जॅक काढा, इंजिन आपल्या वजनानं बसू दे आणि मग टॉर्क द्या, नाहीतर रबर पहिल्या दिवसापासनंच पिळलेलं राहतं आणि बिल आमच्यावर फाटतं.

हायड्रॉलिकचं मात्र जमलेलं नाही. त्याच्या आत ग्लायकॉलचं लिक्विड असतं, दोन कप्पे आणि मधे बारीक वाट, खड्ड्यात इंजिन उसळलं की लिक्विड त्या वाटेनं इकडचं तिकडं जातं आणि ती उसळी जिरवतं. एवढं सगळं सील करून ठेवणं सोपं काम नाही हे मान्य, पण मग विकू नका ना. यांचे बरेच पीस काही महिन्यातच ओले होऊन परत आले, खालनं लिक्विड झिरपलेलं आणि इंजिन खाली बसलेलं. रिप्लेसमेंट दिली, वाद नाही घातला, पण त्यांची अट अशी की खराब पीस परत पाठवायचा, फोटो चालत नाही, आणि जाण्याचं ट्रान्सपोर्ट आपलं. एका माउंटिंगसाठी कोण बिल्टी करत बसणार, मग पीस साठवून ठेवतो आणि पुढच्या मालाच्या गाडीबरोबर परत, तोवर गिऱ्हाइकाला मी माझ्या खिशातनं नवीन देऊन बसलेलो.

पॅकिंगबद्दल तर बोलायलाच नको. जाड लोखंडी स्टड असलेला पीस पातळ पुठ्ठ्याच्या डब्यात, स्टडला साधी प्लास्टिकची टोपी नाही, ट्रान्सपोर्टमध्ये डबे फाटून स्टड बाहेर आलेले आणि एकाचा थ्रेड दुसऱ्यावर घासलेला. काउंटरवर फाटका डबा ठेवला की गिऱ्हाईक म्हणतं जुना आहे काय. वर एका बॅचला गिअरबॉक्सकडच्या डब्यात उजव्या बाजूचे पीस निघाले, आणि एकदा 10 एमएमच्या बोल्टला 1.25 चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) पाहिजे तिथं 1.5 चा मारून आला, तो सगळा लॉट मी उघडून बघितला म्हणून बरं नाहीतर कुणीतरी गनने दाबून चढवला असता. रबरावर महिना-वर्षाचा छाप असतो ती गोष्ट मात्र चांगली, बॅच सांगितली की ते पण लगेच शोधून काढतात.

हिशोबाला माणसं सरळ आहेत. पहिल्या ऑर्डरला पूर्ण अॅडव्हान्स, मिनिमम क्वांटिटी पार्ट नंबरप्रमाणं, नंतर उधारी देतात पण 45 दिवसाच्या पुढं नाही, आणि छोट्या उत्पादकाचे पैसे थकवले तर इन्कम टॅक्सला तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत हे आमच्या सीएनं आधीच बजावलंय, म्हणून आम्ही पण ताणत नाही. 22 सप्टेंबर 2025 ला पार्टवरचा जीएसटी 28 वरनं 18 टक्के झाला तेव्हा वाटेत असलेल्या मालाचं काय करायचं यावरनं बाजारात सगळीकडं गोंधळ होता, यांनी स्वतः फोन करून विचारलं की आधीच्या ऑर्डरचा न निघालेला माल नवीन रेटनं बिल करू का. असं स्वतःहून विचारणारे कमी भेटतात.

सध्या साध्या माउंटिंगची ऑर्डर यांच्याकडं चालू ठेवलीय, स्टडच्या टोप्यांचे पैसे वेगळे लावा पण लावाच असं लिहून दिलंय, बघू काय करतात. हायड्रॉलिकला ज्याला परवडतं त्याला ओरिजिनलच देतोय. पश्चिम महाराष्ट्रात कुणाला न झिरपणारं आफ्टरमार्केट हायड्रॉलिक माउंटिंग मिळालं असेल तर गाडी कुठली आणि किती किलोमीटर चाललं तेवढं लिहा, मी सॅम्पल मागवून कापून बघतो.