पोस्टग्रेस बंद होत नाही? पीजी_सीटीएल स्टॉपचं परीक्षण

पोस्टग्रेस हा डेटाबेस बंद करताना ‘सर्व्हर डझ नॉट शट डाऊन’ ही ओळ दिसली की बऱ्याच जणांचा हात थेट किल -९ कडे, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारण्याकडे जातो. या ओळीचा अर्थ एवढाच, की पीजी_सीटीएलने (सर्व्हर सुरू-बंद करणाऱ्या आज्ञेने) ठरलेली ६० सेकंदं वाट पाहिली आणि नाद सोडला. सर्व्हर बंद होण्याचं काम मागे चालूच असतं. ही मुदत -टी ३०० असं लिहून वाढवता येते.

स्टॉपचे मोड तीन, कंसात प्रत्येकाचा सिग्नल. स्मार्ट (सिगटर्म) सगळे क्लायंट आपणहून जाईपर्यंत थांबतो. कनेक्शन पूलर (कनेक्शनं उघडी ठेवून वाटून देणारा) असेल तर ते जातच नाहीत, म्हणजे नाव स्मार्ट आणि वागणं भाबडं. फास्ट (सिगइंट) चालू व्यवहार रद्द करतो, सेशन तोडतो, शेवटचा चेकपॉइंट घेतो, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवतो. ९.५ आवृत्तीपासून हाच डीफॉल्ट आहे, आणि हा बदल फार आधी व्हायला हवा होता. इमिजिएट (सिगक्विट) चेकपॉइंट घेतच नाही. पुढच्या वेळी क्रॅश रिकव्हरी (वॉल या बदलांच्या नोंदवहीवरून डेटा सावरणं) होते आणि अनलॉग्ड (वॉलमध्ये नोंद न होणारी) टेबलं रिकामी होतात. स्मार्टमध्ये अडकलात तर दुसऱ्या टर्मिनलवरून फास्ट द्या, चालतं.

खरी पंचाईत फास्टही रेंगाळतो तेव्हा. नवं कनेक्शन नाकारलं जात असल्याने पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (चालू सेशनची यादी) बघता येत नाही. पीएस -ईएफ लावून उरलेल्या प्रोसेसची नावं वाचा.

चेकपॉइंटर दिसला आणि डिस्कवर लिहिणं चालू असलं तर हात लावू नका. शेअर्ड बफर (पोस्टग्रेसची सामायिक मेमरी) मोठे असले की मेमरीतली बदललेली पानं उतरवायला वेळ लागतोच. पुढच्या वेळी स्टॉपच्या आधी हाताने ‘चेकपॉइंट’ चालवा, बरंचसं लिखाण सर्व्हर चालू असतानाच उरकतं.

वॉलसेंडर उरला असेल तर तो जोडलेल्या स्टँडबायला (राखीव सर्व्हरला) किंवा लॉजिकल सबस्क्रायबरला (निवडक बदल घेणाऱ्या दुसऱ्या डेटाबेसला) शेवटचा वॉल पोचवतोय. समोरचा मागे पडलेला असेल तर इथेच खोळंबा होतो. सबस्क्रिप्शन पलीकडून बंद करा. स्विचओव्हर करत असाल, म्हणजे स्टँडबायला प्रायमरी (मुख्य सर्व्हर) बनवत असाल, तर मात्र वाट पाहाच, नाहीतर शेवटचे व्यवहार नव्या प्रायमरीवर पोचणार नाहीत.

सगळ्यात फसवा आर्काइव्हर, म्हणजे वॉल फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवणारी प्रोसेस. बंद होताना तो साचलेल्या वॉल फाइली एकदा संपवायला बघतो. आर्काइव्ह_कमांड (ही प्रत करणारी आज्ञा) अपयशी ठरली तर तीन प्रयत्नांनंतर सोडून देतो आणि ती फाइल पुढच्या सुरुवातीसाठी राहते. पण कमांड अपयशी न ठरता नुसती लटकली, उदाहरणार्थ एनएफएस किंवा एसएसएच पलीकडे गप्प, तर तोही लटकतो. आर्काइव्हरखालची ती चाइल्ड प्रोसेस मारा, आणि कमांडच्या आधी ‘टाइमआउट ६०’ कायमचं जोडून ठेवा. एखादी प्रोसेस डी अवस्थेत असेल तर ती कर्नलमध्ये आयओची वाट पाहतेय. तिला किल -९ सुद्धा लागू पडत नाही, दुखणं स्टोरेजचं आहे.

डॉकरमध्ये वेगळाच काच आहे. डॉकर स्टॉप डीफॉल्टने १० सेकंदांनी सिगकिल (किल -९ चाच सिग्नल) पाठवतो. अधिकृत इमेज सिगइंट वापरते हे बरं, पण मोठ्या डेटाबेसला १० सेकंद कुठे पुरणार? -टी १२० द्या. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिटमध्ये किलसिग्नल सिगइंट आणि किलमोड मिक्स्ड हवा. डीफॉल्ट ९० सेकंदांची मुदतही वाढवा.

पोस्टमास्टरला (पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसला) किल -९ दिलात तर त्याच्या चाइल्ड प्रोसेस आणि शेअर्ड मेमरी मागे उरू शकतात. मग सुरू करताना ‘प्री-एक्झिस्टिंग शेअर्ड मेमरी ब्लॉक’ची तक्रार येते आणि कोणीतरी पोस्टमास्टर.पिड फाइल उडवून टाकतो. जुन्या प्रोसेस जिवंत असताना हे केलंत तर एकाच डेटावर दोन सर्व्हर लिहू लागतील आणि डेटा नासेल. आधी उरलेल्या प्रोसेस संपवा.

पाचपैकी चार गुण. एक कापला, कारण पीजी_सीटीएल नुसते ठिपके छापत बसतो. कोणासाठी खोळंबलोय हे सांगत नाही. पीजी_अपग्रेडने आवृत्ती बदलण्याआधी किंवा डेटा डिरेक्टरी हलवण्याआधी पीजी_कंट्रोलडेटा चालवून क्लस्टरची अवस्था ‘शट डाऊन’ आहे ना ते बघा. ‘इन प्रॉडक्शन’ दिसलं आणि सर्व्हर चालू नसला, तर तो नीट बंद झालेला नाही: पुन्हा सुरू करा, रिकव्हरी होऊ द्या, मग फास्टने बंद करा.