कमवा व शिका योजना : काम उत्तम, मानधन वेळेवर हवे

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना’ पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांत राबवली जाते. घरून येणाऱ्या पैशांत खोलीभाडे आणि मेस यांचा मेळ बसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी ती आहे. पदव्युत्तर शिक्षण घेताना मी या योजनेत काम केले. यंदा प्रवेश घेणाऱ्यांपैकी ज्यांना गरज आहे त्यांनी अर्ज अवश्य करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र काम कोणते मिळते आणि मानधन कधी हाती पडते, या दोन गोष्टींची चौकशी आधीच करून घ्यावी.

योजनेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचे वेळापत्रक. दिवसाला जास्तीत जास्त 3 तासांचे काम असते आणि ते महाविद्यालयाच्या आवारातच असल्यामुळे तासिका संपल्यावर थेट कामावर जाता येते. शहरात दुकानात किंवा घरपोच सेवेत काम करणाऱ्या माझ्या वर्गमित्रांच्या हाती माझ्यापेक्षा जास्त पैसे येत, हे खरे आहे. पण रात्री उशिरा खोलीवर परतून सकाळच्या प्रात्यक्षिकाला उभे राहताना त्यांची होणारी ओढाताण मी रोज पाहत होते, आणि त्यांच्यातले काही जण दुसऱ्या सत्रापर्यंत वर्गात दिसेनासे झाले.

माझ्या वाट्याला ग्रंथालय आले, हे मी भाग्यच समजते. परत आलेली पुस्तके ढकलगाडीवर घेऊन, कण्यावरचा क्रमांक पाहून, ती नेमक्या जागी लावायची, एवढेच ते काम होते. ग्रंथालयातली पुस्तके विषयवार क्रमांक देऊन लावण्याच्या ड्यूई वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक 891.46 असा आहे. त्यापुढचा एखादा आकडा चुकीचा वाचला, तर कविता नाटकांत जाऊन बसते आणि नोंदवहीत हजर असलेले पुस्तक वाचकाच्या दृष्टीने हरवते. माझ्या प्रबंधिकेला लागलेले कित्येक संदर्भ सूचीत शोधून मिळाले नसते. पुस्तके लावता लावताच ते माझ्या हाती लागले. प्रयोगशाळेत काचसामान आणि रसायनांची नोंद ठेवणाऱ्या मैत्रिणीचाही अनुभव असाच होता. याउलट, ज्यांना कार्यालयात टपाल इकडून तिकडे नेणे आणि छायांकित प्रती काढणे एवढेच काम मिळाले, त्यांची कमाई झाली, शिकणे मात्र झाले नाही.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांचे नाव या योजनेला आहे त्या कर्मवीरांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हापासून स्वावलंबी शिक्षण हेच संस्थेचे ब्रीद राहिले. वसतिगृहातली मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत, आणि त्या श्रमाकडे कोणी मदतीच्या बदल्यात करून घेतलेली हलकी कामे म्हणून पाहत नसे. महाविद्यालयांनी कामे वाटताना हा विचार समोर ठेवायला हवा.

मानधनाबाबत मात्र मी समाधानी नाही. दर तासाच्या हिशेबाने असतो. हजेरीपत्रकावर रोज सही करायची, महिनाअखेर विभागप्रमुखांची सही घ्यायची, मग तो कागद कार्यालयात जाणार आणि पैसे बँक खात्यात जमा होणार, अशी रीत आहे. मी शिकत होते त्या महाविद्यालयात हा कागद टेबलावर पडून राही आणि दोन-तीन महिन्यांचे मानधन एकदम मिळे. मेसचालक तितके दिवस थांबत नाही, म्हणून मैत्रिणींकडून उसने घ्यावे लागे. ज्याला पैशांची निकड आहे असे तपासूनच ज्याची निवड केली, त्यालाच ताटकळत ठेवणे मला अन्यायाचे वाटते. अमेरिकेत 1964 च्या कायद्याने सुरू झालेल्या वर्क-स्टडी योजनेत किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही आणि महिन्यातून एकदा तरी पैसे चुकते करावेच लागतात. आपल्याकडेही तारीख ठरवून देणारा असा नियम असावा आणि तो पाळला जावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. दर वाढवण्याची मागणी रास्त असली तरी ती मी त्यानंतर मांडेन.

अर्ज करणाऱ्यांनी उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या वेळीच काढून ठेवावा, कारण तहसील कार्यालयातून तो मिळेपर्यंत जागा भरून जाऊ शकतात. विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटून ग्रंथालय किंवा आपल्या विषयाची प्रयोगशाळा स्पष्टपणे मागावी. मागितल्याशिवाय ती बहुधा मिळत नाही. आणि हजेरीपत्रकाच्या प्रत्येक पानाचा फोटो स्वतःजवळ ठेवावा, कारण तासांचा हिशेब जुळला नाही तर तेवढाच पुरावा हाती असतो.