डेनिसन बार्ब, वर्षभर पाळल्यानंतर: मासा देखणा, पण पाणी पळतं हवं

ऐन मे महिन्यात, भर दुपारी माझ्या माशांच्या टाकीतला वेव्हमेकर, म्हणजे पाणी खेळतं ठेवणारा पंप, बंद पडला. वॉरंटी शिल्लक, बिल हातात, तरी सर्व्हिसवाल्यांनी ‘पाण्यात क्षार जास्त आहेत, हे वॉरंटीत बसत नाही’ म्हणून हात वर केले. पाण्यात बुडवून ठेवायची वस्तू विकायची आणि बिघडली की पाण्याला बोल लावायचा, हे मला अजिबात पटलेलं नाही. पुन्हा त्या कंपनीचं काही घेणार नाही.

सांगायचं कारण, त्या दोन-तीन तासांत हा मासा काय आहे ते नीट कळलं. सहाही मासे वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडं उघडझाप करत होते. नाकाडापासून निघणारी लालभडक पट्टी विटकरी झालेली. थर्मामीटर ३० अंशांवर. मगाने पाणी उपसून फूटभर उंचीवरून परत ओतत राहिलो, तेव्हा कुठे ते खाली गेले.

याचं मूळ घर म्हणजे उत्तर केरळातल्या चंद्रगिरी, वळपट्टणम, चालियार या नद्या आणि कर्नाटकातले घाटातून उतरणारे काही प्रवाह. खडकाळ तळ, काठाला दाट झाडी, थंड आणि सतत वाहतं पाणी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. वाहत्या पाण्यातल्या माशाला हा फरक फार पडतो. त्यात पाणी साचलेलं असलं की संपलंच.

सुरुवातीला ‘चिलर (टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र) नसेल तर या माशाच्या वाटेला जाऊ नका’ असंच मी सगळ्यांना सांगायचो. आता मत बदललंय. चिलरचा खर्च आणि वर विजेचं बिल मध्यमवर्गीय घराला परवडणारं नाही. टाकीवर लावलेल्या साध्या पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं, आणि प्रवाह जोरात असला तर पुण्याचा उन्हाळा निघतो. पैसे घालायचेच तर दुसऱ्या पंपात घाला. मी आता दोन पॉवरहेड (पाण्यात बुडवायचे छोटे पंप) ठेवलेत, शिवाय वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप. सगळं मिळून चिलरच्या पाव किमतीतही बसलं.

बाकी माशात खोट काढायला जागा नाही. पंपाच्या तोंडासमोर सगळे एका रांगेत, प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी पोहत राहतात. शेपटीच्या दोन्ही टोकांचे काळे-पिवळे ठिपके तेवढे हलताना दिसतात. मऊ पानांच्या वनस्पती मात्र कुरतडतात. झाकण हवंच, उडी जबरदस्त.

घेताना एक गोष्ट विचाराच: मासा पैदाशीचा आहे की नदीतून पकडलेला? आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत हा संकटग्रस्त आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून तीन लाखांहून जास्त लाल पट्टीवाले बार्ब परदेशी गेले. केरळने पकडण्यावर काही महिन्यांची बंदी घातली, पण वीण ऑक्टोबर ते मार्च आणि बंदीतले जून-जुलै त्याबाहेरचे. अशा बंदीने माशाचं काय भलं होणार? मला याचा खरंच राग येतो. हा आपल्या सह्याद्रीचा मासा आहे. २०१३ साली याच्यासाठी ‘सह्याद्रिया’ ही वेगळी प्रजाती (जीनस) मांडली गेली, त्यात पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतले संशोधकही होते. तिच्यात जाती दोनच. दुसरी केरळातल्या चालकुडी नदीची, पाठीच्या परावर काळा डाग असलेली.

दुकानदार ‘कुठून आला माहीत नाही’ म्हणाला तर मी तिथून उठतो. पैदाशीचा मासा थोडा महाग पडतो, पण बंद पाण्याला सरावलेला असतो आणि पहिल्या आठवड्यात दगावत नाही, म्हणजे हिशेबाने स्वस्तच. दुकानात दोन इंची दिसतो, पुढे पाच-सहा इंच होतो आणि एकटा राहत नाही. चार फुटांपेक्षा लहान टाकी असेल तर घेऊ नका.