जुने लष्करी उपग्रह ऐकायला आरटीएल-एसडीआर डोंगल: काही महिन्यांच्या वापरानंतर

आरटीएल-एसडीआर म्हणजे संगणकाच्या यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर. हे डोंगल घेतलं ते एकाच कामासाठी, मोडीत निघालेले लष्करी दळणवळण उपग्रह ऐकायला. विमानं, हवामानाची चित्रं वगैरेंवर भरपूर लिहून झालंय.

या कामाला ते पुरतं का? पुरतं. वॉटरफॉलवर (वेळेनुसार कुठल्या वारंवारतेवर सिग्नल आहे ते दाखवणारा पडद्यावरचा आलेख) एक बारीक रेघ शोधायला आठ बिटांचा एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारा भाग, चालून जातो. घोडं अडतं ते एफएमपाशी. जोरदार स्टेशनांनी ट्यूनर गुदमरतो आणि नको तिथे खोटे सिग्नल उगवतात. एफएम अडवणारा फिल्टर लावा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बऱ्याच खोट्या रेघा तिथेच जातात. अ‍ॅम्प्लिफायर अँटेनाच्या बुडाशीच हवा. लांब केबलच्या या टोकाला लावला तर पैसे पाण्यात.

माझा लाडका उपग्रह एलईएस-1. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीचा, 1965 मध्ये सोडलेला आणि भलत्याच कक्षेत अडकलेला. 1967 पासून गप्प होता. 2013 मध्ये इंग्लंडमधल्या एका हौशी रेडिओवाल्याला 237 मेगाहर्ट्झवर तो पुन्हा सापडला. बॅटऱ्या कधीच गेल्या असणार, कारण ऊन असेल तेवढंच बोलतो. कोलांट्या खात फिरतो, त्यामुळे साधारण दर चार सेकंदांनी आवाज दाटतो आणि विरतो. ऐकताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोला.

तोच आहे हे ओळखायचं डॉप्लरवरून, म्हणजे उपग्रह जवळ येताना वाढलेल्या आणि लांब जाताना कमी झालेल्या वारंवारतेवरून. घरातल्या उपकरणांची रेघ सरळ उभी राहते, याची वाकते. सुमारे 2800 किलोमीटर उंचीवरून डोक्यावरून गेला, तर क्षितिजापासून क्षितिजापर्यंत वारंवारता जवळपास 7 किलोहर्ट्झ खाली सरकते. डोंगलची 1 पीपीएमची (दहा लाखांत एक) चूक इथे 237 हर्ट्झ होते, म्हणजे ओळख पटायला काहीच अडचण नाही. एलईएस-5 मात्र संयम बघतो. 1967 चा हा उपग्रह 2020 मध्ये पुन्हा सापडला; भूस्थिर कक्षेच्या जरा खालून फिरतो, त्यामुळे रेघ हलते की नाही हे कळायलाच बराच वेळ जातो.

1978 ते 1989 दरम्यान सोडलेले अमेरिकन नौदलाचे फ्लीटसॅटकॉम उपग्रह वेगळीच गंमत. येईल तो सिग्नल उचलून खाली पाठवायचा, कोण बोलतंय ते विचारायचं नाही! ब्राझीलमधल्या फुकट्यांनी त्यावर गप्पांचा अड्डाच जमवला होता, 2009 मध्ये पोलिसांनी धरपकड केली. आपण फक्त ऐकायचं, तेही आपल्या देशाचा कायदा बघून.

तक्रार एकच, डोंगल फार तापतं आणि तापेपर्यंत वारंवारता सरकत राहते. उपग्रह उगवायच्या अर्धा तास आधी चालू करून ठेवा. एलईएस-5 साठी तर हे हवंच, नाहीतर डोंगलचं सरकणं डॉप्लर म्हणून मोजत बसाल.